एफ-४ चे गूढ बॅटरीच्या टाकीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकी नौदलाच्या सुरुवातीच्या पाणबुड्यांवरची आपल्या रविवार पुरवणीतली लेखमाला मी कात्रणे काढून ठेवतो. गेल्या रविवारी ‘एफ-४’ची पाळी होती. ही पाणबुडी २५ मार्च १९१५ रोजी होनोलुलूजवळ सरावासाठी बुडी मारून गेली आणि आतल्या २१ जणांसह तळाशी राहिली. पुढे लेखकाने ‘कारण गूढच राहिले’ असे लिहून विषय संपवला आहे. ते वाक्य माझ्या घशाखाली उतरले नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-रूममध्ये माझी ३१ वर्षे गेली आहेत. आम्लाचा थेंब पॅंटवर उडाला तर तेव्हा काहीच दिसत नाही, धुऊन वाळत घातली की भोक दिसते!

एफ-४ चेही तसेच झाले असावे, असे पाणबुडी वर काढल्यावर चौकशी मंडळाने अनुमान काढले. पाण्याखाली या पाणबुड्या बॅटरीवर चालत. त्या बॅटऱ्या ज्या टाकीत बसवलेल्या असत, तिला आतून शिशाचे अस्तर असे. गंधकाम्ल पोलाद खाते. शिशावर मात्र आम्ल लागताच सल्फेटचा पातळ थर धरतो आणि पुढची झीज थांबते, म्हणून शिसे. पण अस्तराला कुठे बारीक वाट मिळाली की आम्ल मागच्या पोलादापर्यंत पोचते, आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. मंडळाच्या मते अस्तर झिजले, समुद्राचे पाणी बॅटरीच्या कप्प्यात झिरपले आणि पाण्याखाली असतानाच पाणबुडी ताब्यातून गेली. खारे पाणी बॅटरीतल्या आम्लाला भेटले की क्लोरिन निघतो, हे वेगळेच संकट. आणि ही काही जुनी खटारा पाणबुडी नव्हती. ३ मे १९१३ ला नौदलात दाखल झाली, म्हणजे पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. माझ्या लेखी तिच्या सेवेच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच.

दुसरी दुरुस्ती. लेखात खोली ‘५१ फूट’ छापली आहे. ती ५१ फॅदम, म्हणजे ३०६ फूट. ५१ फुटांवर असती, तर तिला बाहेर यायला ऑगस्टची २९ तारीख उजाडली नसती. पाणबुडे एवढ्या खोलवर उतरले, ही त्या काळी अचाट गोष्ट होती. (पाणबुडी बोट, पाणबुड्या माणूस, आणि बोटी दोन झाल्या की त्याही पाणबुड्या. आपल्या भाषेचा हा घोळ मला नेहमी मजेशीर वाटतो.) १७ एप्रिलला विल्यम लॉफमन नावाचा पाणबुड्या सुमारे २५० फुटांवर दोरांत अडकला. फ्रँक क्रिली त्याच्यासाठी खाली गेला आणि त्याला सोडवून आणले. त्यासाठीचे ‘मेडल ऑफ ऑनर’ (अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी पदक) क्रिलीला मिळाले १९२९ मध्ये! लेखात या दोघांचा उल्लेखही नाही, पाणबुडीचा रंग मात्र आहे.

वर काढल्यावर २१ पैकी चौघांचीच ओळख पटली. उरलेल्या १७ जणांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत एकत्र जागा मिळाली. रिकामा सांगाडा पर्ल हार्बरमध्ये पडून होता. १९४० मध्ये तिथल्या पाणबुडी तळाजवळ चर खणून तो पुरला.

पुढच्या रविवारी एफ-१ असल्याचे चौकटीत दिले आहे. तीही बुडाली, १७ डिसेंबर १९१७ ला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, १९ जणांसह. तिला धडकली ती एफ-३, तिच्याच वर्गातली बहीण. तेवढे तरी ‘गूढ’ म्हणून छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बॅटरी मेकॅनिक