सवय शरीराला होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील प्रतिजैविकांवरील लेखात ‘वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने शरीराला औषधाची सवय होते’ असे वाक्य आहे आणि तेच चौकटीत ठळक छापले आहे. या एका वाक्याने आमच्या घरात काय केले, ते कळवणे मला भाग आहे.

गेल्या वर्षी माझी आई घसरून पडली आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी तिला ठाण्यातील एका रुग्णालयात ठेवावे लागले. लघवीची नळी लावलेली होती. सहाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. लघवीतले जिवाणू वाढवून कोणते औषध लागू पडते ते पाहणाऱ्या ‘कल्चर’ तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यात ई. कोलाय हा जिवाणू होता आणि औषधांच्या यादीत जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘आर’ हेच अक्षर होते, म्हणजे ‘रेझिस्टंट’, त्या औषधाला जिवाणू दाद देत नाही. जे औषध उरले ते केवळ शिरेतून देण्याचे, त्यामुळे मुक्काम ११ दिवसांनी वाढला. ‘आजींच्या शरीराला औषधांची सवय झाली आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले आणि भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक मला विचारू लागला, ‘एवढ्या गोळ्या देतच कशाला होतीस?’ माझ्या आईने ८२ वर्षांत प्रतिजैविके घेतली असतील ती चार-पाच वेळा. तरीही घरी परतल्यावर ‘माझंच काही चुकलं असेल’ असे ती कितीतरी दिवस म्हणत होती.

बदलतात ते जिवाणू, आणि तेही सवयीने नव्हे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या विभाजनांत जनुकांची नक्कल होताना चुका राहतात आणि त्यांतील एखाद्या चुकीमुळे तो जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ मध्ये मखमलीच्या कापडाने एका बशीतील जिवाणूंच्या वसाहतींचे ठसे औषध घातलेल्या दुसऱ्या बशीत उमटवून दाखवून दिले की, औषधाचा स्पर्शही न झालेल्या मूळ बशीत असे जिवाणू आधीपासूनच होते. औषध बाकीच्यांना मारते आणि यांना रान मोकळे होते. शिवाय प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या लहान कड्यांतून ही क्षमता वेगळ्या जातीच्या जिवाणूंकडेही जाते. असे जिवाणू न धुतलेल्या हातांवरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचतात, आणि ज्याने कधी गोळी घेतली नाही त्यालाही गाठतात. ‘शरीराची सवय’ म्हटले की दोष रुग्णाच्या माथी जातो आणि हात कोणी धुतले, कोणी नाही, हे विचारायचे राहूनच जाते.

जुलैमध्येही आपण लेप्टोस्पायरोसिसच्या ‘विषाणू’चा फैलाव असा मथळा दिला होता. लेप्टो जिवाणूमुळे होतो आणि त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके लवकर सुरू करावी लागतात. वंदना बसस्थानकाजवळच्या गुडघाभर पाण्यातून आलेले आमचे शेजारी ‘व्हायरल आहे, आपोआप उतरेल’ असे म्हणत तीन दिवस अंगावर ताप काढत होते.

दोन्ही चुकांची दुरुस्ती तशाच चौकटीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती. ती मी आईला वाचून दाखवणार आहे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नौपाडा, ठाणे