मॅडम, तुमच्या ‘काहून’साठी

आदरणीय मॅडम,

लघुप्रबंध मागच्या आठवड्यात जमा केला. त्यातला ऋणनिर्देश सिनिअरच्या प्रबंधातून उचललाय, हे आधीच कबूल करते. ‘अमूल्य मार्गदर्शन’, ‘सदैव ऋणी’, सगळं जसंच्या तसं. उचलेगिरी पकडायला मजकुरातलं साम्य तपासताना ऋणनिर्देश धरत नाहीत, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांतून तुम्हीच दाखवलं होतं ना! म्हणून खरे आभार इथे मानते.

काटोलहून नागपूरला अर्थशास्त्रात एम.ए. करायला आले, तेव्हा मला लिहिता येतं असंच वाटायचं. बी.ए.ची तीन वर्षं पानंच्या पानं भरली होती. कुठून आणलं, हे कोणी विचारलंच नाही. तुमच्या लेखन कार्यशाळेलाही मैत्रिणीनं ओढलं म्हणून आले. चार शनिवार जातील, एवढंच डोक्यात होतं.

पहिल्याच शनिवारी माझं पान परत आलं. ‘नागपुरी संत्र्याची शेती आज अत्यंत बिकट परिस्थितीतून जात आहे.’ समासात लाल शाईनं एकच शब्द, आमच्याकडचं ‘का?’: काहून? पानभर असे अकरा. होस्टेलवर कोणी हसू नये म्हणून जो शब्द मी गिळत होते, तो मॅडमच्या अक्षरात बघून आधी रागच आला.

सलग 14 शब्दांपर्यंतचं साम्य सोडून देतात, हे कळल्यावर मागच्या बाकावर आम्ही बोटांवर शब्द मोजायला लागलो. तेरा झाले की एक ‘तथापि’. तुम्ही पाहिलंत, ओरडला नाहीत. “एवढी मेहनत करून राहिल्या, तेवढ्यात स्वतःचं वाक्य झालं असतं,” म्हणालात.

तिसऱ्या शनिवारी विचारलंत, “संकट कोणत्या बहाराचं? आंबिया की मृग?” शोधगंगेवरच्या, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या, प्रबंधांतून मी जे जोडलं होतं, त्यात हा फरकच नव्हता. पण मला तो माहीत होता. आंबियाला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं, मृगाला पावसाळ्याच्या तोंडावर. ऑगस्टच्या झडीत आंबियाची फळं गळतात, ती झाडाखालून वेचतच मी मोठी झाले. आणि लिहीत काय होते, तर ‘बिकट परिस्थिती’!

“मग बाबांना विचारा,” म्हणालात, “पण तारीख, गाव, झाडं किती, सगळं नोंदवा. आणि वडील आहेत म्हणून तेवढ्यावर थांबू नका.” दहा बागा फिरले. बाबांच्या मते फळगळ पावसानं. दोघांनी सांगितलं, बागेत पाणी साचू दिलं की गळतेच. ते तसंच लिहिलं. बाबा दोन दिवस फोनवर नीट बोलले नाहीत. “तुले का समजते संत्र्यातलं?” एवढंच.

संदर्भ सांभाळणारं झोटेरो सॉफ्टवेअरही कामी आलं. संदर्भसूचीत आडनाव आधी की नाव आधी, यात मात्र अर्धा शनिवार गेला. तो जास्तच झाला, हे माझं मत अजून कायम आहे.

तुमच्यासाठी एक प्रत बांधून ठेवली आहे, येत्या शनिवारी घेऊन येते. पान 43 वरचं शेवटचं वाक्य मला अजून पुराव्यानिशी धरता आलेलं नाही. लाल पेन जवळ ठेवा.

तुमची विद्यार्थिनी,
मागच्या बाकावरची, काटोलवाली