विहिरी खणणाऱ्या आबांना जाहीर आभारपत्र

आबा, सप्रेम नमस्कार.

प्लॉट पाहायला जाताना आमच्याकडे टेप, नकाशे आणि मोबाइल असतात. तुमच्याकडे एक पहार. तरी निकाल तुमचाच आधी लागतो. समोर आभार मानले की तुम्ही विडी पेटवून विषय बदलता, म्हणून आम्ही घरं बांधणारे आणि बागा लावणारे मिळून हे जाहीरपणे लिहितो आहोत. गोव्यात जमीन घेऊ पाहणारेही वाचतील, तेव्हा तुमची रीत तपशिलाने सांगतो.

तांबडी जमीन म्हणजे पक्की जमीन, हा समज तुम्ही आमच्या डोक्यातून काढलात. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावर, वर कातळ, त्याखाली चिरा (जांभा दगड), आणि चिऱ्याच्या पोटात पांढरट-गुलाबी, खडूसारखी माती. ही माती कोरडी असताना कुऱ्हाडीनेही नीट तासता येते. पाणी लागलं की चिखल होऊन वाहते. विहिरीची कड खालून पोखरली जाते आणि वरचा चिरा अख्खा कोसळतो, तो यामुळेच. घराचंही तेच. चिऱ्याचा थर एक मीटर आहे की चार, हे वरून कळत नाही. म्हणून तुमचा नियम: बांधकामाच्या जागी दोन कोपऱ्यांत आणि मध्ये असे तीन खड्डे, निदान दोन मीटर खोल. दीड मीटरच्या खाली माणूस उतरणार असेल तर कडांना फळ्या लावल्याशिवाय नाही. तळाशी पहार मारायची. ‘टण्ण’ वाजली तर चिरा भरीव. ‘धप्प’ झाली तर खाली पोकळी किंवा मऊ माती, आणि मग पायाचं गणित इंजिनिअरने नव्याने मांडायचं. अशा जागी छपराचं पाणी पायाशी सोडणं म्हणजे घर आपल्या हाताने पोखरणं.

सगळ्यात मोठं काम तुम्ही भरावाच्या बाबतीत केलंत. शेत बुजवून केलेला प्लॉट वरून सड्यासारखाच लालभडक दिसतो. अशाच एका प्लॉटवर खणलेल्या खड्ड्याची कड तुम्ही खुरप्याने तासून दाखवलीत ती अजून डोळ्यांपुढे आहे: वर मीटरभर लाल मुरूम, त्यात नळ्याच्या कौलांचे आणि गिलाव्याचे तुकडे, मग एकदम सुरीने कापल्यासारखी रेघ, आणि खाली करडी-काळी चिकणमाती, तिच्यात गंजाच्या रंगाच्या बारीक उभ्या रेषा. भाताची मुळं जिथे होती तिथे त्या रेषा. माती खोटं बोलत नाही, दलाल बोलतो! असा भराव सगळीकडे सारखा खचत नाही, म्हणून दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. खड्ड्याआधी फॉर्म 1 व 14, म्हणजे गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा, वाचायचा, हेही तुम्हीच सांगता. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध आहेत. इसार देऊन बसल्यावर ते कळून उपयोग नाही.

पाणी दोनदा पाहायचं: मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये, शेजारच्या विहिरीत दोरी सोडून. मे महिन्यात बारा मीटर खाली असलेलं पाणी ऑगस्टमध्ये हाताला लागलं, तर शौचालयाचा शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) पावसाळाभर तुंबणार. तो विहिरीपासून किमान 18 मीटर हवा. पण चिऱ्यात नळीसारखी भोकं असतात, तिथे तेवढंही पुरेलच असं नाही. म्हणून तीस सेंटिमीटर खोल भोक पाडून रात्रभर पाण्याने भिजवायचं, सकाळी पुन्हा भरून घड्याळ लावायचं. पाणी 25 मिलिमीटर उतरायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला तर शोषखड्डा विसरा. भोक मिनिटभरात रिकामं झालं तर जास्त घाबरा. ते पाणी न गाळता कुणाच्या तरी विहिरीत जातंय.

बागेचं थोडक्यात. मातीचा नमुना आठ-दहा ठिकाणचा, वरचा पालापाचोळा सारून वीस सेंटिमीटरपर्यंत, व्हीच्या आकाराच्या खाचेतून; खताची जागा, बांध आणि झाडाचा बुंधा टाळून. सगळं मिसळून अर्धा किलो ठेवायचं, सावलीत वाळवायचं. आपली जांभ्याची माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी. तिच्यातलं लोह स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, म्हणून नुसतं खत ओतून फरक पडत नाही. चुना माती-तपासणीच्या अहवालाच्या मापानेच, शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपणही नाही. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेताचा, नमुना ऑगस्टमध्ये घेतला तर पावसाने मीठ धुतलेलं असतं आणि अहवाल गोड येतो. खरा खारटपणा उन्हाळ्यात दिसतो, त्यातही मानशीचं (खाडीचं पाणी अडवणाऱ्या झडपेचं) दार गळत असेल तर विचारूच नका.

माडाचा खड्डा मात्र तुमचा आवडता विषय. चिऱ्यात 1.2 मीटर लांब, रुंद, खोल. लागवडीआधी सहा महिने तळाला दोन किलो साधं मीठ, म्हणजे कडक थर मऊ पडतो. मग सोडणांचे (नारळाच्या सालींचे) दोन थर, पोकळ बाजू वर, म्हणजे ओल धरून राहते. किनाऱ्याच्या रेतीत एवढा खोल खड्डा लागत नाही, आणि मीठ तर नकोच.

मे महिन्यात म्हापशाजवळ एक जागा पाहायची आहे. सकाळी सातला गाडी पाठवतो. तुमच्यासाठी नवी पहार घेतली आहे. टोक मात्र तुम्हीच लोहाराकडून पाजवून घ्या, दुकानातलं तुम्हाला पटणार नाही.

तुमचे,
बांधकाम आणि बागकामवाले