मॅडम, तुम्ही आधी खोडरबर मागितलं

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं. उघड लिहिते आहे, कारण माझ्यावरचा वाङ्मयचोरीचा आरोप चारचौघांत झाला होता, भर वर्गात, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. तेव्हा आभारही चारचौघांतच मानायला हवेत. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. ज्यांनी आरोप केला त्यांचं आणि त्या महाविद्यालयाचंही नाव घेत नाही. वाचल्यावर ज्याचं त्याला कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एम.ए.च्या शेवटच्या वर्षी मी लघुप्रबंधासाठी नामदेव गाथेतल्या कर्तृत्वाचा, म्हणजे कोणता अभंग खरा कोणाचा हा प्रश्न घेतला होता. नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. त्यांच्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी, एकनाथांच्या काळाच्या आसपास, विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी होऊन गेला. आणि ‘विष्णुदास नामा’ ही मुद्रा, म्हणजे अभंगात गुंफलेली कवीच्या नावाची खूण, खुद्द नामदेवांच्या म्हणून गायल्या जाणाऱ्या अभंगांतही येते. त्यामुळे गाथेत कोणाचं काय मिसळलं, हा अभ्यासकांचा जुनाच वाद. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. ती १६०४ साली ग्रंथात बांधली गेली, म्हणून निदान तिथे एक हद्द सापडते. आपल्याकडचे अभंग मात्र टाळकऱ्यांच्या, कीर्तनकारांच्या तोंडून आणि बाडांतून फिरत राहिले. शेवटच्या ओळीत ‘नामा म्हणे’ कोणालाही घालता येतं. मग ओळखायचं कशावरून? हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. आमच्या गावच्या सप्ताहात लहानपणापासून ऐकलेले अभंग, आणि ते नक्की कोणाचे हे कोणी विचारलेलंच नाही!

मी तो लघुप्रबंध मन लावून लिहिला. माझे वडील चोपडा तालुक्यात दुसऱ्याच्या केळीच्या बागेत सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारे मजूर आहेत. घरात अहिराणी बोलतो. हे मी अभिमानानं सांगत आले होते. आरोप करणाऱ्यांनी नेमकं तेच पुरावा म्हणून वापरलं. सालदाराच्या घरात ही भाषा कुठून येणार, असं ते म्हणाले. कुठल्या तरी प्रबंधातून उचललं असेल, नाहीतर मोबाईलवरच्या यंत्रानं लिहून दिलं असेल. लघुप्रबंधाच्या पानापानावर समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिला होता, ‘कुठून?’ उत्तर ऐकून घ्यायला मात्र कोणी थांबलं नाही. सॉफ्टवेअरनं साम्याचा मोठा आकडा दाखवला, तो तेवढा मोठ्यानं वाचून दाखवला. आता अभंग जसेच्या तसे दिल्यावर ते दुसऱ्या पुस्तकांशी जुळणारच! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांतही, श्रेय देऊन घेतलेली उद्धरणं साम्य मोजताना वगळायची, असं लिहिलेलं आहे. एवढं साधं कळायला प्राध्यापक असावं लागतं का? आणि तिथे असे लोक बसले होते ज्यांनी मला बी.ए.पासून ग्रंथालयात वह्या भरताना रोज पाहिलं होतं. त्यातलं एकही माणूस बोललं नाही. ते गप्प बसणं मला आरोपापेक्षा जास्त लागलं. आजही लागतं.

त्यानंतर मला वही उघडवेना. चोरी केलेली नसताना चोरासारखं वाटायचं, हे मला कोणाला समजावून सांगता येत नव्हतं. पुस्तक हातात घेतलं की पोटात कालवायचं. घरच्यांना वाटलं तब्येत बिघडली. मैत्रिणींना वाटलं आळस भरला. मी बागेत घड वाहायला जायला लागले, कारण तिथे ‘कुठून आणलं’ असं कोणी विचारत नव्हतं.

अशा अवस्थेत मी तुमच्याकडे आले. आमच्या गावच्या शाळेतल्या सरांनी जबरदस्तीनं पाठवलं म्हणून आले. पुढे किती अर्ज झाले, कोण कोणाला भेटलं, ते इथे सांगत नाही. मला सांगायचंय ते पहिल्या अर्ध्या तासाबद्दल.

तुम्ही लघुप्रबंध हातात घेतला, दोन-चार पानं उलटली, आणि तो ‘कुठून?’ तुमच्या नजरेला पडला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नातवाच्या कंपासपेटीतून खोडरबर मागवलं. खुर्ची माझ्या समोरून उचलून माझ्या बाजूला आणून ठेवली, आणि पहिल्या पानापासून ते शब्द खोडायला लागलात. एकेक. कागद फाटू नये म्हणून डाव्या हाताची दोन बोटं समासावर दाबून धरलेली. खोडून झालं की पान तिरपं करून फुंकर मारायची, कचरा पदरानं झटकायचा, मग पुढचं पान. एके ठिकाणी पेन्सिल इतकी दाबून लिहिलेली होती की अक्षर गेलं तरी खाच राहिली. तुम्ही ती नखानं हलकेच घासलीत. मी नुसती बघत होते. सगळं खोडून झाल्यावर तुम्ही म्हणालात, “आता मला वाचू दे. माझे प्रश्न मी वेगळ्या कागदावर लिहीन.”

मॅडम, तुम्ही माझ्यासाठी पुढे खूप काही केलंत. पण मी उभी राहिले ती त्या खोडरबरामुळे. माझ्या लिखाणावर दुसऱ्याचा संशय चढलेला असताना तुम्ही ते वाचायलाच तयार नव्हतात. आधी पान कोरं करून घेतलंत.

आणि मग तुम्ही मला तपासलंत. हे मी मुद्दाम लिहिते. पुष्कळांना वाटतं तुम्ही माझी दया आली म्हणून पाठीशी उभ्या राहिलात. दया करणाऱ्यांनी मला आधीही ‘जाऊ दे, दुसरा विषय घे’ असं सांगितलं होतं. तुम्ही माझ्या सगळ्या वह्या मागवल्यात. बी.ए.चे निबंध, भाषणांचे कागद, मी मामेबहिणीला लिहिलेली पत्रंसुद्धा. आणि अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध अभ्यासाची गोष्ट सांगितलीत. १७८७-८८मध्ये तिथल्या राज्यघटनेच्या बाजूनं टोपणनावानं लिहिलेल्या लेखांपैकी १२ लेख हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोन नेत्यांपैकी कोणाचे, याचा वाद होता. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली तो मोठमोठ्या विचारांवरून नव्हे, बारक्यासारक्या शब्दांच्या मोजणीवरून सोडवला. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन सारखा वापरायचा, मॅडिसन क्वचित. वादातल्या लेखांत तो जवळपास नाहीच, आणि इतरही असे पुष्कळ शब्द मॅडिसनकडे बोट दाखवत होते. विठ्ठल, पंढरी, चरण हे शब्द सगळेच संत वापरणार. पण ‘परी’, ‘मग’, ‘जरी’, ‘पैं’ हे हातातून आपोआप उतरतात, आणि नक्कल करणाऱ्याचं त्यांच्याकडे लक्ष जात नाही. मी गाथेवर हेच करत होते. तुम्ही तेच माझ्यावर केलंत. मी ‘व’ लिहीत नाही, ‘आणि’ लिहिते. ‘म्हणजे’नं वाक्य सुरू करायची मला खोड आहे. कारण आधी सांगते आणि क्रियापद कधी कधी अहिराणीच्या चालीनं मागेपुढे होतं. बी.ए.च्या निबंधात होतं तेच लघुप्रबंधात होतं. तुम्ही ते माझ्यासमोर मोजून दाखवलंत.

मोजणीच्या वहीत एका पानावर पाच-पाच रेघांच्या जुड्या होत्या, आणि त्यांच्यावर केळीच्या चिकाचा तपकिरी डाग. तो डाग जात नाही. कपड्यावर पडला की कपडा गेला. तुम्ही त्यावर बोट ठेवून विचारलंत, “तेव्हा बागेत कापणी चालू होती का?” मी हो म्हटलं. तुम्ही तुमच्या कागदावर तारीख लिहून घेतलीत. त्या वहीची मला लाज वाटत होती. तुम्ही तिला पुरावा केलंत.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. “मधल्या कीर्तनकारांनी आणि लेखनिकांनी हे बारके शब्दच बदलले असतील तर? छंदासाठी ‘मग’च्या जागी ‘परी’ घातला असेल तर? मग तू कोणाची सवय मोजते आहेस, कवीची की लिहून घेणाऱ्याची?” मला उत्तर येत नव्हतं. आणि तरी, खरं सांगते, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला आनंद झाला! माझ्या कामाशी कोणी तरी भांडत होतं. त्या रात्री मी आपणहून वही उघडली, वेगवेगळ्या प्रतींतला एकच अभंग शेजारी शेजारी मांडला आणि कंदिलाच्या उजेडात पहाट होईपर्यंत बसले. लोडशेडिंग होतं, तेही लक्षात राहिलं नाही.

नंतर तुम्ही मला पेक्रुन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं २००६मधलं विवेचन समजावलंत. विद्यार्थ्याच्या भावना दोन गोष्टींवर उभ्या असतात, हे माझ्या हातात आहे का, आणि हे मला मोलाचं वाटतं का. मोल आहे पण हातात काहीच नाही, असं झालं की माणूस निराशेनं बसून जातो. माझं नेमकं तेच झालं होतं. विषयाची ओढ तशीच होती, म्हणूनच तर दुखत होतं. आमच्याकडे मात्र पोरगी अभ्यासाला बसत नाही म्हटलं की तिला लग्नाचं नाहीतर नापास होण्याचं भय घालतात. भयानं फार तर पाठांतर होतं. तुम्ही दर वेळी विचारायचात, “आज कुठल्या प्रकरणापासून सुरू करू या? तू सांग.” एवढ्यानंच सुकाणू पुन्हा माझ्या हातात आलं. हे करायला ना निधी लागतो ना परिपत्रक.

आपल्या खानदेशात हे नवीन नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेलं त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं उतरवून घेतलं. बाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली गाणी छापून आली. अक्षर दुसऱ्याच्या हाताचं, पण गाणं बाईंचंच, हे सगळ्या महाराष्ट्रानं मान्य केलं. त्यांचे फोटो ज्या भिंतींवर लावतात त्याच भिंतींखाली शेतमजुराच्या मुलीला ‘ही भाषा तुझी नाही’ म्हणतात, हे कसं चालतं? चोपड्याहून तापी ओलांडली की अमळनेर. तिथे साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातली मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडायचे, सामान नीट लावून ठेवायचे. आम्ही त्यावर भाषणं करतो, बक्षिसं घेतो. मी एकच माणूस पाहिलं ज्यानं तसं केलं, विद्यार्थ्याच्या पानावरचा कचरा स्वतःच्या पदरानं झटकला. सज्जनपणा असा हाताला काही तरी करायला लावतो. नुसता चांगला स्वभाव मी त्या वर्गातही पाहिला होता, गप्प बसलेला.

लघुप्रबंध मान्य झाला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या कीर्तनकारांच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. गुरू ग्रंथसाहिबातल्या ६१ पदांची भाषा वेगळी, त्यामुळे त्यांचा आधार शब्दांसाठी थेट घेता येत नाही, तरी विषय आणि मांडणीच्या बाजूनं काही हाती लागेल असं वाटतं. त्यावर पुढे काम करायचं ठरवलं आहे. नवीन टिपणं सोबत वेगळी पाठवली आहेत, त्यांवर तुमचे प्रश्न हवे आहेत, नेहमीसारखे अवघड.

वडिलांचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं, तेव्हा चार दिवस तेही घरी असतील. मायनं निरोप दिला आहे, “मॅडमले सांग, आखाजीले येनंच पडी.” खापरावरचे मांडे ती स्वतः करणार आहे आणि आमरस गावातल्याच आंब्यांचा असेल. नातवालाही घेऊन या.

तुमची विद्यार्थिनी,
चोपडा तालुका, जळगाव जिल्हा