विटांवरची गाडी

चि. बापू यास,

अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा छोटीनं मोबाईलवर फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘पप्पांचं नवीन काम’. फोटोत तू दिसतच नाहीस. दिसतात ते ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय आणि फौजेतले काळे बूट. तुझी माय बुटांवरनं ओळखून खूश झाली, चार जणींना दाखवून आली. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मागचा एक्सल जॅकवर, चाक काढलेलं आणि जॅकच्या शेजारी चार विटा रचलेल्या. उचललेल्या गाडीखाली आधाराला लावायची लोखंडी घोडी कुठं दिसली नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जे झालं त्याबद्दल लिहायचंय. फोनवर माझा आवाज चढतो, तू गप्प होतोस, आणि दोघंही ‘बरं, ठेवतो’ म्हणतो. तू सिकंदराबादला ट्रेनिंगला होतास तेव्हा निळ्या अंतर्देशीयवर सगळं लिहिता यायचं. पुढं ‘मार्फत ५६ एपीओ’ लिहायचो. तू लेहला आहेस की राजस्थानात ते पत्त्यावरनं कळत नव्हतं, पण पत्र पोचायचं. म्हणून परत कागद घेतला.

खोपीत पांडवांची पूजा झाली होती. पंगत बसली, भज्जी वाढून झाली, उंडे ताटात पडले. तुझ्या सासरची माणसं होती, आक्काचे दीर होते. आणि मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, १७ वर्षं फौजेत काढलीस, पेन्शन आहे, आता कशाला ग्रीसमधी हात घालतोस, एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन बस, सावलीचं काम आहे. तू आंबिलीचा पेला खाली ठेवलास, उठलास आणि ज्वारीतनं सरळ डांबरीकडं चालत गेलास. मी हाक मारली नाही. मारायला पाहिजे होती.

सूनबाईनं नंतर सांगितलं. त्याच आठवड्यात तू एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेला होतास. डिस्चार्ज बुक, ट्रेडचं सर्टिफिकेट, सगळं फाईलला लावून. तिथल्या माणसानं फाईल उघडलीसुद्धा नाही. आयटीआय कुठली, गाडीचा बिघाड शोधायचा स्कॅनर चालवता येतो का, एवढंच विचारलं. आणि तू उठताना तो म्हणाला, फौजीमामा, गेटवर माणूस पाहिजे, बघा जमतंय का. म्हणजे परक्यानं जे केबिनमध्ये ऐकवलं, तेच बापानं भरल्या पंगतीत ऐकवलं. मला ठाऊक नव्हतं हे खरं आहे. पण ठाऊक नव्हतं म्हणून तुला कमी लागलं असं होत नाही. माझं चुकलं बापू.

पहिल्या सुट्टीला आला होतास तेव्हा तू सांगितलं होतंस, अण्णा, ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या आमच्या शाखेत, शिपायाला शिपाई म्हणत नाहीत, क्राफ्ट्समन म्हणतात. मला तो शब्द इतका आवडला की मी पारावर, गिरणीत, बाजारात सगळीकडं सांगितला. तुझी माय म्हणायची, पुरं झालं आता. आणि तोच मी तुला दारात बसायला सांगितलं.

तुला किल्लारीचं आठवतं का? तू सात वर्षांचा होतास. सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. आपलं माळवद अर्धं बसलं, आपण अंगणात होतो म्हणून वाचलो. मग पाऊस लागला. फौजेच्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या आणि त्यातला एक शक्तिमान ट्रक आपल्या ओढ्याच्या अलीकडं बंद पडला. एक जवान खाली उतरला. आधी चाकांना पुढनं-मागनं दगड लावले. जॅकच्या खाली जाड फळी घातली. गाडी उचलली, घोडी सरकवली, आणि मग उभा राहून खांद्यानं गाडीला दोन धक्के दिले. हलत नाही बघितलं, तेव्हा आत शिरला. वर ताडपत्री, आणि तू त्याच्यासाठी बॅटरी धरून चिखलात उकिडवा बसलेला. तिकडं माणसं ढिगाऱ्याखाली होती, त्याला किती घाई असेल. तरी त्यानं ते दोन धक्के दिल्याशिवाय डोकं खाली घातलं नाही. जाताना त्यानं तुला शक्करपाऱ्याचं पाकीट दिलं. तू ते घरी आणलंस, एकट्यानं खाल्लं नाहीस. आणि म्हणालास, मी गाडीखालचा फौजी होणार.

ते तूच बघितलंस, आणि पुढं १७ वर्षं तेच केलंस. मग विटा कशा चालवून घेतल्यास?

बघ, परत तिथंच आलो. पण आता आलोच आहे तर मामाचं लिहितो. तुला माहीत आहे, तरी आपण बाप-लेक त्यावर कधी बसून बोललो नाही. मी औशाच्या रस्त्यावर एका गॅरेजात होतो. टाटा १२१० ट्रकचा गिअरबॉक्स उतरवायचा होता. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. आपली काळी माती वरनं सुकल्यासारखी दिसते आणि आत लोण्यासारखी असते. जॅक मी लावला होता. दोन्ही घोड्या पलीकडच्या गाडीखाली होत्या. मी म्हणालो, थांब, आणतो. मामा म्हणाला, दाजी, दोन मिनटाचं काम हाय. आणि मी थांबवलं नाही. जॅकचं बूड एका अंगानं मातीत गेलं. आवाजसुद्धा फार झाला नाही. लातूरला नेलं, जीव वाचला, पण खुब्याचं काय झालं ते तू लहानपणापासनं बघतोस. आजही सकाळी पारावर काठी टेकून बसलेला असतो. मी समोरनं गेलो की तोच आधी ‘रामराम दाजी’ म्हणतो. इतक्या वर्षांत त्यानं मला एक शब्द लावला नाही. तुझ्या मायनंही नाही.

बँकेच्या दाराची गोष्ट माझ्या तोंडात त्यातनं आली. तुझी कारागिरी कमी वाटली म्हणून नाही. सुट्टीत शेजारच्यांच्या ट्रॅक्टरचा आवाज बिघडला होता, तेव्हा तू लांब पेचकस घेतलास, टोक टॅपेट कव्हरला टेकवलंस आणि मूठ कानाला लावलीस. डोळे मिटून सरकत सरकत गेलास आणि तिसऱ्या सिलेंडरवर थांबलास. मी जन्मभर पाने फिरवले, मला तो आवाज वेगळा काढता आला नाही. आणि खोललेला एकेक नट डिझेलनं धुऊन तू मायच्या परातीत क्रमानं मांडलास. परातीवरनं ती केवढी ओरडली. पण तिनंच दुपारभर कोंबड्या हाकलल्या, कुणी नट हलवू नये म्हणून.

आता कामाचं. त्या माणसाचं बोलणं वाईट होतं, पण स्कॅनरचा सवाल खोटा नव्हता. फौजेतल्या जुन्या स्टॅलियन ट्रकचा पंप तू अंधारात खोलशील. एप्रिल २०२० पासनं धुराच्या नव्या नियमाच्या, बीएस सहाच्या गाड्या आल्या, तिथं कॉमन रेल, सेन्सर, सायलेन्सरकडचा तो फिल्टर, युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी. कानाला पेचकस लावून ते सगळं कळणार नाही. तुझ्या गॅरेजात जे २२-२३ वर्षांचं पोरगं लॅपटॉप लावतंय म्हणतोस, त्याच्याजवळ बस. त्याला चहा पाज. वयानं लहान आहे म्हणून विचारायला लाजू नको. आणि ‘आमच्या युनिटमध्ये असं नसतं’ हे वाक्य दिवसातनं एकदाच म्हण. तिथं रोज संध्याकाळी हत्यारं मोजून घेत होते, इथं पाना हरवला तरी कुणाला पत्ता नसतो, हे खरं आहे. पण तू आल्या आल्या मुकादमाला शिस्त शिकवायला लागलास तर तो तुला ठेवणार नाही. थोडं वाकावं लागतं, ऐकून घ्यावं लागतं, डोकं शांत…

राहू दे. चाळिशीला आलेल्या माणसाला मी काय शिकवतोय. लेहच्या थंडीत बॉनेटवर घोंगडी टाकून रात्री-अपरात्री इंजिन गरम ठेवणाऱ्याला मी शांत राहायला सांगतोय. रागावू नको.

एक तेवढं करच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलंस का? नसलं तर सोमवारी जा. राज्य सरकारच्या क आणि ड गटाच्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा असतात, आणि वयात फौजेतली वर्षं अधिक तीन अशी सूट मिळते. एसटीचं मोठं वर्कशॉप तुमच्याकडं संभाजीनगरात चिकलठाण्यालाच आहे, त्यांची जाहिरात निघते का यावर नजर ठेव. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स दे, मूळ कुणाच्या हातात देऊ नको. आयटीआयचं विचारतील, तेव्हा आर्मीचा ट्रेड कशाच्या बरोबरीचा धरतात ते त्याच कार्यालयात लिहून माग. तोंडी सांगितलेलं उपयोगाचं नाही.

तोवर हे गॅरेज चांगलंच आहे. हातात काम आहे, आणि सूनबाई म्हणत होती, तू परवा जेवताना शीळ घातलीस.

विटेचं मात्र ऐक. लोखंड वाकतं, लाकूड आधी करकरतं, माणसाला सरकायला एक क्षण मिळतो. वीट काही सांगत नाही, एकदम फुटते. मालक घोडी देत नसेल तर भांडू नको, पण खाली जाऊ नको.

मी मागच्या खोलीतल्या माझ्या दोन घोड्या काढल्यात. गंज खरवडला, पिना बदलल्या, लाल ऑक्साईड मारलं. वेल्डिंग एका पायाचं तडकल्यासारखं वाटलं म्हणून फाट्यावरनं परत भरून आणलं. मामा दिवसभर शेजारी बसून होता, पिना त्यानंच घासून दिल्या. त्या आणि बाभळीच्या दोन फळ्या पोत्यात घालून सुतळीनं तोंड शिवलंय. आपल्या गल्लीतला पिकअप शुक्रवारी रात्री तूर घेऊन निघणार आहे, शनिवारी सकाळी जाधववाडीच्या मार्केटात पोचेल. त्याला तुझा नंबर दिलाय. पोतं जड आहे, एकट्यानं उचलू नको.

मिळाल्यावर फोन कर. नाहीतर छोटीला फोटो काढायला सांग, जरा खालनं, म्हणजे घोडी दिसेल.

तुझा,
अण्णा

ता. क. तुझी माय म्हणते, येळवशीचं तुझं ताट तसंच राहिलं. ज्वारी निघायच्या आत एक रविवार ये. भज्जी ती परत करणार आहे. मी शेतातच असेन.