ताकायामाला मुक्काम हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जपानच्या सहलींच्या जाहिराती आपल्या पर्यटन पुरवणीत अलीकडे वरचेवर दिसतात. टोकियो, क्योतो, ओसाका ही शहरे त्यांत असतातच. गिफू प्रांतातील ताकायामा मात्र, कार्यक्रमात असलेच तर, शिराकावागो या गवती छपरांच्या घरांच्या गावाला जाताना दोन तास थांबण्याचे ठिकाण म्हणून उरते. नागोयाहून रेल्वेने सुमारे अडीच तासांवर असलेल्या या डोंगरी शहरावर हा अन्याय आहे, असे तेथे राहून आल्यावर मला वाटते.

दुपारी उतरणाऱ्या बसमधील प्रवाशांना मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार दिसतच नाही, कारण तो बाराच्या सुमारास उठतो. आजूबाजूच्या गावांतील आजीबाई तेथे लाल सलगमाचे लोणचे आणि रानभाज्या घेऊन बसतात. सानमाची या जुन्या पेठेतील दुकानेही संध्याकाळी लवकर बंद होतात, आणि गर्दी ओसरल्यावरच तेथील काळपट लाकडी जाळ्या आणि साके (तांदळाची दारू) गाळणाऱ्यांच्या दारांवर टांगलेले जपानी देवदाराच्या पानांचे गोळे निवांत पाहता येतात. ही पेठ 1979 पासून कायद्याने संरक्षित आहे. लाकडावरचे इथले प्रभुत्वही जुने आहे : 8 व्या शतकात सम्राटाचा दरबार ताकायामाभोवतीच्या हिदा प्रदेशाकडून कराच्या बदल्यात सुतार मागवून घेत असे, आणि 1692 मध्ये शोगुनांनी, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, हा मुलूख थेट आपल्या अमलाखाली आणला, तोही मुख्यतः इथले लाकूड आणि खनिजे यांसाठी. त्यांची कचेरी, ताकायामा जिन्या, आजही उभी आहे.

शाकाहाऱ्यांची अडचण खरी आहे आणि ती सहल कंपन्यांनी लपवू नये. साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. परंतु बौद्ध मठांच्या परंपरेतील शोजिन जेवण आगाऊ सांगितल्यास मिळू शकते. त्यात कांदा-लसूणही नसतो; मात्र कंदमुळे असू शकतात, म्हणून आपल्याकडील जैन मंडळींनी ती वगळायला आधीच सांगावे. मांसाहाऱ्यांना हिदा बीफ ठाऊक असते, पण माझ्या मते इथली खरी चव होबा मिसोची : शेगडीवर ठेवलेल्या मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) आणि अळंबी रटरटतात, पानाची कड करपू लागते आणि तो धुरकट वास भाताला लागतो.

एखादा दिवस हाताशी असेल तर शिनहोताकाच्या दुमजली रोपवेने वर जाऊन जपानच्या उत्तर आल्प्स पर्वतरांगेची शिखरे जरूर पाहावीत. ढग असतील तर मात्र पैसे वाया!

एप्रिलच्या 14-15 आणि ऑक्टोबरच्या 9-10 तारखांना इथली रथयात्रा असते. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या जपानी रथोत्सवांपैकी ती एक आहे. त्या दिवसांत खोल्या मिळणे कठीण असल्याने सहल कंपन्यांनी या तारखा टाळल्या तरी चालेल. शरदातील यात्रेचे काही रथ हाचिमान देवळाजवळच्या दालनात एरवीही मांडलेले असतात, आणि त्यांवरचे कोरीवकाम तेथे अगदी जवळून पाहता येते.

आपला,
एक वाचक, ठाणे