जगले किती, हे कळते, जगतात कसे?

महोदय,

राज्याचा अर्भकमृत्यू दर २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत हजारी १६ वर आला. झोळीच्या काट्यावर बाळं तोलण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे या आकड्याचं मोल मला कुणी सांगायला नको. पण बाळ जगलं, त्याच्या आईचं काय? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हेच प्रमाण ४८ टक्के होतं!

आणि ज्यांचं रक्त पुरेसं भरलं, त्या सगळ्या बऱ्या आहेत असंही नाही. 'काय गं, कशी आहेस?' विचारलं की पदराला हात पुसत बाई म्हणायची, 'चाललंय'. हे 'चाललंय' कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, असे प्रश्न. उत्तराला शून्य ते पाच गुण. सुई नाही, यंत्र नाही. जिल्हा पाहण्यांत ती घ्यावी आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. मात्र आशाताईंच्या गळ्यात आणखी एक फुकटची वही मारू नये, मानधन आधी ठरवावं.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, वाई